बाबांच्या बंदुका

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बर्नाडीन मिहालिकनं आपल्या दोन मोठ्या मुलांना टेबलाच्या दोन टोकांना बसवलं आणि मधे टर्की ठेवली. टर्की चांगली थोराड होती. तिच्यापलीकडे रोलंडला कॉरीनचे फक्त केस दिसत होते आणि कॉरीनला रोलंडचं टक्कल. दोघांना एकमेकांचं एवढंच दिसलं तर बरं, असं बर्नाडीनचं मत होतं.

"एकच नियम," ती म्हणाली. "त्या सुनावणीत जे शब्द कानावर आले, ते या टेबलावर नकोत."

"मीठ चालेल?" धाकट्या डेनिसनं विचारलं. पन्नाशी आली तरी घरात त्याचं काम हेच होतं.

"सुनावणीत मीठ कुठून आलं?"

"जखमेवर मीठ चोळू नका, असं कुणीतरी म्हणालं होतं."

"मग खुणेनं माग."

डेनिसनं खुणेनं मीठ मागितलं.

सुनावणी होऊन तीन आठवडे झाले होते. घरातलं माणूस भानावर नसेल, तर त्याच्या बंदुका काही काळ काढून घ्या, असा अर्ज घरच्यांना न्यायाधीशाकडे करता यावा, असं एक विधेयक राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला आलं होतं. लोकांचं म्हणणं ऐकायला समितीची माणसं जिल्ह्याच्या गावी आली. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत. जिल्ह्याच्या शिकारी क्लबचा अध्यक्ष म्हणून रोलंड विरोधात बोलला. कॉरीन पिट्सबर्गहून दोन तास गाडी चालवत आली आणि बाजूनं बोलली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, आणि तिच्या वर्गातल्या एका मुलीनं वडिलांच्या पिस्तुलानं जीव दिल्यापासून ती अशा प्रत्येक सुनावणीला जायची.

दोघंही तसं सभ्यपणे बोलले. कॉरीन म्हणाली, "माझा भाऊ मूर्ख आहे असं मी म्हणणार नाही." दुसऱ्या दिवशी फोनाफोनांवर जी चित्रफीत फिरली ती "मूर्ख आहे" इथेच संपत होती. रोलंड म्हणाला, "या डोंगरात आमच्या घरातलं आमचं आम्ही बघतो. आज बोट दिलं, तर उद्या हे मनगट धरतील." मागून कुणीतरी ओरडलं, "आधी आमचे मुडदे पाडा!" आणि ते वाक्यही रोलंडच्याच तोंडी चिकटलं. मग ओरेगनच्या कुण्या बाईनं फोन करून त्याला कॅन्सर व्हावा अशी इच्छा व्यक्त केली. फोन त्याची बायको लोरेननं घेतला होता; तिनं निरोप लिहून घेतला. टेक्ससच्या एका गृहस्थानं कॉरीनला शवपेटीचं चित्र पाठवलं आणि खाली मापं विचारली. बहीणभाऊ एकमेकांशी मात्र बोलले नव्हते. अनोळखी माणसं इतकं बोलत होती की त्यांच्या वाट्याला काही उरलं नव्हतं.

आता टर्कीच्या मागे रोलंड होलुपकी चिवडत होता. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या मांसभाताच्या त्या गुंडाळ्या आजोबा योझेफ स्लोव्हाकियाहून खाणीत कामाला आले तेव्हापासून या घरात दर सणाला होत आल्या होत्या, आणि रोलंड एरवी सहा खायचा. आज दुसरीच घशाखाली उतरेना. मंगळवारी जे झालं ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. लोरेनलाही नाही. ती आज तिच्या आईकडे जेवायला गेली होती ते एका परीनं बरंच झालं. ती त्याच्या ताटाकडे बघून ओळखायची.

"शाब्बास रे," खिडकीपाशी बसलेला एमिल एकाएकी म्हणाला. "रोलंड, त्या दिवशी छान बोललास. मी टाळ्या वाजवल्या."

"हो, बाबा."

"त्या पलीकडच्या बाईला चांगलं सुनावलंस. कोण होती ती?"



"मी होते, बाबा," कॉरीन म्हणाली.

एमिलनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तू? तू पण बरी बोललीस," तो म्हणाला आणि ग्रेव्ही मागितली.

जेवण झाल्यावर तो पुढच्या खोलीत फुटबॉलचा सामना लावून आरामखुर्चीत बसला आणि थोड्याच वेळात घोरू लागला. त्याच्या मागच्या भिंतीला त्याचं कपाट होतं. चेरीच्या लाकडाचं, काचेच्या दारांचं, त्यानं स्वतः केलेलं. आत पाच बंदुका उभ्या होत्या. कपाटाला कुलूप होतं. किल्ली कुलपातच असायची. एमिलनं चाळीस वर्षं गावातल्या पोरांना बंदूक कशी धरायची ते शिकवलं होतं. त्याच्या वर्गात पास झाल्याशिवाय या भागात कुणाला शिकारीचा परवाना मिळत नसे, आणि ज्याला शिस्त आहे त्याला कुलूप कशाला, असं तो वर्गात सांगायचा.

स्वयंपाकघरात कॉरीननं हात पुसले आणि दार लोटून घेतलं.

"मी आता बोलणार आहे. आई, नियम नंतर. बाबांनी मला ओळखलं नाही."

"लांब बसली होतीस," रोलंड म्हणाला. "मधे टर्की होती."

"रोलंड, त्यांच्या पाठीमागे पाच बंदुका आहेत."

"जन्मभर होत्या."

"जन्मभर त्यांना स्वतःची मुलगी ओळखू येत होती."

"हे बघ, आज त्यांच्या हातून घ्यायच्या म्हटलं तर उद्या..."

"मनगट. ऐकलंय मी. साऱ्या देशानं ऐकलंय."

"आणि तू? कुणाचं काही बिनसलं की न्यायाधीश. बापाला काय समन्स पाठवणार?"

"समन्स कोण म्हणालं? साधी समजूतदार उपाययोजना..."

"ही बघ आली उपाययोजना!"

"अरे, तुम्ही दोघं कुणाशी बोलताय?" डेनिस ओट्यावर बसून अक्रोडाचा रोल खात होता. "इथे माईक नाही. समिती नाही. मी आहे आणि आई आहे, आणि आम्ही दोघंही तुम्हाला मत देणार नाही."

रोलंडला स्वतःचा आवाज ऐकू आला. हॉलमध्ये होता तोच आवाज, छातीतून काढलेला, शेवटच्या रांगेसाठी. समोर मात्र बहीण होती, खांद्यावर ओला टॉवेल टाकलेली.

बर्नाडीननं भांडं विसळून पालथं घातलं. "वाद कशाला घालताय? बंदुका रिकाम्या आहेत. ऑगस्टमध्येच मी सगळी काडतुसं काढली. खणातली, कोटाच्या खिशांतली, त्या मासे पकडायच्या डब्यातलीसुद्धा. तळघरात बटाट्याच्या पोत्याखाली ठेवलीत."

"ऑगस्टमध्ये? का?" कॉरीननं विचारलं.

"टपालवाल्याला ते जर्मन सैनिक समजले म्हणून."

"आई! आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू कायदा आणला असतास आणि यानं भाषण केलं असतं. मला बटाट्याचं पोतं जवळ होतं."

रोलंडला एकदम इतकं हलकं वाटलं, की तो खुर्चीवर बसलाच. रिकामी. म्हणजे मंगळवारीही रिकामीच होती. दोन रात्री तो छताकडे बघत पडला होता ते उगाच.

"मग झालं तर," डेनिस म्हणाला. "बंदुका राहतील, काडतुसं नसतील. बाबांना कपाट दिसेल, कॉरीनला झोप लागेल, रोलंडचं मनगट शाबूत. याला म्हणतात तडजोड."

कॉरीननं खांदे उडवले. तिला पटलं नव्हतं, पण ती थकली होती. "एकदा तपासून ये," ती म्हणाली. "तू तपासलंस तर मी मानेन."

हे ती रोलंडला इतक्या सरळपणे म्हणाली, की तो लगेच उठला.

तो पुढच्या खोलीत गेला. बाबा तोंड उघडं टाकून झोपले होते. त्यानं एकेक बंदूक काढली, नळी जमिनीकडे धरून उघडली, आत पाहिलं, बोट घालून चाचपलं. बाबांनी शिकवलं होतं तसंच. योझेफ आजोबांची दुनळी, रिकामी. दोन रायफली, रिकाम्या. खारी मारायची छोटी बंदूक, रिकामी. शेवटी लिव्हर ओढून चालवायची जुनी रायफल. मंगळवारची. त्यानं लिव्हर खाली ओढला.

काडतूस उडून गालिच्यावर पडलं. आवाज असा काही झालाच नाही. टीव्हीवरच्या सामन्यात लोक ओरडत होते.

त्यानं पुन्हा लिव्हर ओढला. आणखी एक. मग एक. मग रिकामी.

स्वयंपाकघराच्या दारात कॉरीन उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. "म्हणजे बघ" असं ती म्हणेल म्हणून तो थांबला. खाली वाकून तिनं काडतुसं उचलली आणि मुठीत धरली.

"मी बंदुकीला हात लावला नव्हता," मागून बर्नाडीन म्हणाली. "बाहेरचं सगळं काढलं. आत असतं हे... मला उघडता येत नाही ती."

रोलंडनं रायफल भिंतीला टेकवून ठेवली आणि सगळ्यांना परत स्वयंपाकघरात आणलं. दार लावलं.

"मंगळवारी मी नळ दुरुस्त करायला आलो होतो," तो म्हणाला. "आई दुकानात गेली होती. मागच्या दारानं आत आलो तर बाबा बोळाच्या टोकाला उभे. हीच रायफल. माझ्या छातीवर. म्हणाले, कोण तू? म्हटलं, मी रोलंड. म्हणाले, रोलंड शाळेत गेलाय."

बर्नाडीननं खुर्ची ओढून घेतली.

"बोट चापावर होतं. त्यांनी आम्हाला सांगितलेलं, बोट चापावर कधी ठेवायचं नाही म्हणून. मला तेवढंच दिसत होतं. मग म्हणाले, घरात टोपी काढ. मी टोपी काढली. माझं टक्कल बघून त्यांनी रायफल खाली केली आणि म्हणाले, 'पपा, तुम्ही कधी आलात?'"

"आणि मग?" डेनिसनं विचारलं. त्याच्या हातातला रोल तसाच राहिला होता.

"मग योझेफ आजोबा झालो आणि नळ दुरुस्त केला."

कॉरीन एकदम हसली. मग तिनं तोंडावर हात दाबला, आणि हसू कुठे संपलं ते तिलाही कळलं नसावं. रोलंड जवळ जाऊन उभा राहिला. काय करावं ते न सुचून त्यानं तिच्या खांद्यावरचा ओला टॉवेल घेतला आणि घडी करून ओट्यावर ठेवला.

"माझ्याकडे लोखंडी तिजोरी आहे," तो म्हणाला. "आजच नेतो. परत आणणार नाही."

"शनिवारी शिकारीचा पहिला दिवस," कॉरीन म्हणाली. "तुला वाटेल, एक दिवस, रिकामी देऊन बघू..."

वाटलंच होतं. "शनिवारीसुद्धा नाही," तो म्हणाला. "पण माझी एक अट आहे. तुझी जानेवारीत हॅरिसबर्गला सुनावणी आहे ना? बाबांचं नाव तिथे निघता कामा नये. नाव न घेताही नाही. 'एक म्हातारे गृहस्थ' असंही नाही."

कॉरीननं मुठीतली काडतुसं ओट्यावर ठेवली. तिच्याकडे याहून चांगला पुरावा नव्हता, आणि पुढेही मिळणार नव्हता. विरोधकांच्या पुढाऱ्याचाच बाप.

"ठीक," ती म्हणाली. "मग तूही सांगायचं नाहीस. बघा, कायद्याशिवाय आमच्या घरातलं आम्ही कसं निस्तरलं, हे भाषण नको."

रोलंडच्या मनात ते भाषण काडतूस पडल्यापासून तयार होत होतं. पहिली दोन वाक्यं झालीही होती.

"ठीक," तो म्हणाला.

"म्हणजे तुम्हा दोघांच्याही हाती काही लागलं नाही," डेनिस म्हणाला.

"मग वाटणी बरोबर झाली," बर्नाडीन म्हणाली, आणि भोपळ्याचा गोड पाई कापायला घेतला, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

एमिल जागा झाला तेव्हा रोलंड त्याच्या शेजारी स्टुलावर बसला होता. दुपारची झोप झाली की तासभर तो पहिल्यासारखा असायचा. रोलंडनं एक काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे कुठलं?" एमिलनं चष्मा सावरला.

"तुमच्या लिव्हरच्या रायफलीतलं. कपाटात होती."

"भरलेली? कपाटात?" म्हातारा ताडकन सरळ झाला. "कोण गाढव ते?"

"तुम्ही, बाबा."

"मी भरलेली बंदूक घरात ठेवत नाही."

"मंगळवारी तुम्ही ती माझ्यावर रोखलीत."

"मी कुणावर नळी रोखत नाही!" एमिलनं बायकोकडे पाहिलं. "बर्नी, सांग याला."

बर्नाडीन त्या दिवशी घरात नव्हती. पण तिनं मान हलवली, आणि ती कुठल्या बाजूला हलली ते त्याला बरोबर कळलं. पन्नासहून जास्त वर्षं तो ती मान बघत होता.

एमिल काडतूस बोटांत फिरवत राहिला. टीव्ही डेनिसनं बंद केला होता.

"वर्गात कुणी कुणावर नळी रोखली, तर मी काय करत होतो?" त्यानं शेवटी विचारलं.

"घरी पाठवत होतात."

"लगेच?"

"लगेच. डेनिसला पाठवलं होतंत."

"दोनदा," डेनिस म्हणाला.

"आणि काय म्हणायचो?"

"पुढच्या वर्षी ये. मग बघू."

एमिलनं मान डोलावली. "मग पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला आणि उठला.

त्यानं खणातून तेलाचा फडका काढला. कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक बंदूक स्वतः उघडली, आत पाहिलं, पुसली, आणि वर्गात द्यायचा तशी आडवी धरून पुढे केली. घेणाऱ्यानं "घेतली" म्हटल्याशिवाय सोडायची नाही, हा त्याचा नियम होता.

"घेतलीस?"

"घेतली," रोलंड म्हणाला.

चार तशा गेल्या. पाचवी, योझेफची दुनळी, त्यानं कॉरीनपुढे धरली. ती जागची हलली नाही. तिनं शेवटची बंदूक हातात धरली त्याला तीस वर्षं होऊन गेली असतील.

"हात विसरलीस का? एक दस्त्याखाली, एक पुढे."

तिनं दोन्ही हात पुढे केले.

"घेतलीस?"

"घेतली, बाबा," ती म्हणाली. तेव्हा त्यानं सोडली.

अंगणात रोलंडच्या ट्रकमध्ये बंदुका ब्लँकेटात गुंडाळताना कॉरीन म्हणाली, "उद्या त्यांना यातलं काही आठवणार नाही."

"माहीत आहे."

"रिकामं कपाट बघतील आणि विचारतील. तू आणि आई सांगा, मी नेल्या. त्यांना पटेल. माझ्याकडून त्यांची तीच अपेक्षा आहे." तिनं ब्लँकेटाचं टोक आत खोचलं. "तू इथे रोज येतोस. तुझ्यावर रागावून त्यांचं चालायचं नाही. मी काय, दोन महिन्यांतून एकदा."

रोलंडला हे सोयीचं वाटलं. इतकं सोयीचं, की तो "बरं" म्हणाला आणि ट्रकचं दार लावलं.

शुक्रवार बरा गेला. शनिवारी उजाडायच्या आधी रोलंड बूट चढवत होता तेव्हा फोन वाजला.

"चोरी झाली," एमिल म्हणाला. "आज पहिला दिवस आणि कपाट रिकामं. बर्नी म्हणते, तुझ्या बहिणीनं नेल्या."

"बाबा..."

"मला माहीत होतं. ही अशीच माणसं. गोड बोलतात आणि घरात शिरतात. तिला या डोंगरातलं काय कळतं? आज बोट दिलं तर उद्या..."

रोलंड एक बूट घालून उभा होता. ही वाक्यं त्यानंच लिहिली होती, क्लबच्या कागदावर, लोरेनला दोनदा वाचूनही दाखवली होती. तेव्हा ती कुणाबद्दल आहेत असा प्रश्न पडला नव्हता. फोनवर म्हातारा कॉरीनला आता आणखी एक शब्द बोलला, जो सुनावणीतसुद्धा कुणी बोललं नव्हतं.

"बाबा, तिनं नाही नेल्या. मी नेल्या."



"तू? तू तर क्लबचा अध्यक्ष."

"हो."

"आपल्या बापाच्या?"

"हो, बाबा."

"मग या घरात पाय ठेवू नकोस," एमिल म्हणाला आणि फोन ठेवला.

रोलंड त्या दिवशी रानात गेला नाही. दुपारी आईला औषधं नेऊन द्यायची होती म्हणून तो गेलाच. मागच्या दाराशी क्षणभर थांबला आणि टोपी आधीच काढून हातात घेतली.

दार एमिलनंच उघडलं. मुलाला बघून त्याचा चेहरा उजळला. त्यानं रोलंडचा दंड धरून त्याला आत ओढलं, मागे वळून बर्नाडीन ऐकत नाही अशी खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"बरं झालं तू आलास. तुझ्या बहिणीनं काय केलंय, माहितीये तुला?"

रोलंडनं औषधांची पिशवी टेबलावर ठेवली.

"ती नाही, बाबा," तो म्हणाला. "मी."